आजीची लस आणि आपला खोकला

गेल्या वर्षी गणपतीच्या सुट्टीत घरी गेलो तेव्हा बॅगेत मळके कपडे होते आणि छातीत खोकला. आमच्या विंगमधली निम्मी पोरं खोकत होती, त्यामुळे त्यात विशेष काही वाटलं नव्हतं. आईने दारातच बजावलं, "आजीच्या खोलीत जाऊ नकोस." मी म्हटलं, "अगं, तिला फ्लूची लस दिलीय ना? मग काय होतंय!"

चार दिवसांत आजी तापाने फणफणली. ती सावरली, पण तीन आठवडे अंथरुणाला खिळली. तेव्हापासून उठता-बसता तिला आधार लागतो. ताप माझ्यामुळेच आला, हे कोणी सिद्ध करू शकणार नाही. पण माझं ते वाक्य साफ चुकीचं होतं, हे नंतर वाचल्यावर कळलं.

लस म्हणजे शरीराची सराव परीक्षा. पण सरावाचा उपयोग विद्यार्थ्यावरही अवलंबून असतो ना! नव्या जंतूशी लढायला शिकणाऱ्या टी पेशी छातीतल्या थायमस ग्रंथीत तयार होतात. ही ग्रंथी आपल्या वयाच्या आधीपासूनच आक्रसत जाते. म्हातारपणी अशा कोऱ्या पेशींचा साठा तुटपुंजा उरतो, त्यामुळे तीच लस कमी प्रतिपिंडं तयार करते आणि ती लवकर ओसरतात.

नुसत्या वयावरही सगळं ठरत नाही. 2001 मध्ये लिंडा फ्रीड आणि सहकाऱ्यांनी जर्जरपणाच्या पाच खुणा मांडल्या: नकळत वजन घटणं, सततचा थकवा, हाताची पकड ढिली होणं, चाल मंदावणं आणि हालचाल कमी होणं. यातल्या तीन दिसल्या तर माणूस जर्जर समजावा. अशा लोकांमध्ये काही अभ्यासांत लसीचा प्रतिसाद आणखी कमी दिसला, काहींत फरक दिसला नाही. पण आजार झालाच तर हेच लोक जास्त कोसळतात, हे नक्की.

मग म्हाताऱ्यांनी लस घ्यायचीच नाही का? छे! कमी म्हणजे शून्य नव्हे. शिवाय संशोधकांनी डिझाइनच बदललं. चौपट मात्रेची फ्लूची लस अमेरिकेत 2009 मध्ये मंजूर झाली. 65 वर्षांवरच्या सुमारे 32,000 लोकांवरच्या चाचणीत (निष्कर्ष 2014) नेहमीच्या लसीपेक्षा तिने फ्लू 24 टक्क्यांनी कमी केला. नागिणीच्या नव्या लसीत प्रतिसाद वाढवणारा घटक घातला, तर सत्तरीपुढच्यांतही सुमारे 90 टक्के संरक्षण मिळालं.

पण मला सगळ्यात विचार करायला लावलं ते जपानने. तिथे 1962 पासून शाळकरी मुलांना फ्लूची लस दिली जात होती, पुढे ती सक्तीची झाली. 1987 मध्ये सक्ती सैल झाली, 1994 मध्ये कार्यक्रमच बंद पडला. 2001 मध्ये अभ्यासकांनी आकडे तपासले, तर मुलांच्या लसीकरणाच्या काळात मृत्यू घटले होते आणि ते बंद होत गेल्यावर पुन्हा वाढले होते. यात मुख्यतः म्हातारी माणसं होती! म्हणजे दंड नातवाचा, जीव आजोबांचा. या आकड्यांवर पुढे वाद झाले, पण मुद्दा मला पटतो. ज्याचं शरीर लस चांगली शिकतं, त्याने घ्यावी. ज्याचं शिकत नाही, त्याला त्याचाही आडोसा मिळतो.

आपल्याकडे फ्लू पावसाळ्यात जोर धरतो आणि आपण नेमके तेव्हाच गणपतीला घरी पळतो. म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. सत्र सुरू होतानाच कॉलेजने डॉक्टरांच्या सल्ल्याने, सवलतीच्या दरात लसीचं शिबिर घ्यावं. सरांना नम्र विनंती, तापाने फणफणलेल्या पोराला हजेरीसाठी वर्गात बसवू नका. तुमच्याही घरी आई-वडील आहेत. आणि आपण? खोकला असेल तर दोन दिवस उशिरा निघू, नाहीतर मास्क लावून दारातूनच नमस्कार करू.

मोदक काय, नंतरही मिळतात. आजी मात्र एकच असते.