चौकटीत नदी हवी

हिवाळा लागला की आमच्या कोर्समेट्सच्या ग्रुपवर मगरींचे फोटो सुरू होतात. काही जण वेळेआधीच बाहेर पडलेत, काही त्या वाटेवर आहेत, आणि ज्याला गोल्फमध्ये रस नाही त्या फौजीच्या हातात हल्ली कॅमेरा दिसतो. फोटो खणखणीत असतात. दात मोजावेत इतके स्पष्ट. खाली दहा-बारा जण ‘ग्रेट शॉट, सर’ लिहितात आणि एखादा हमखास त्या प्राण्याला ‘अ‍ॅलिगेटर’ म्हणतो. अ‍ॅलिगेटरच्या जगात दोनच जाती आहेत, एक अमेरिकेत आणि एक चीनमध्ये. आपल्या नद्यांत मगर आणि सुसर, म्हणजे घडियाल. किनाऱ्याकडच्या खाड्यांत खाऱ्या पाण्यातली मगर. एवढं एकदा सांगून टाकलं, आता मुद्द्यावर येतो.

या फोटोंत प्राणी असतो, नदी नसते. माझी तक्रार एवढीच आहे.

सध्याच्या पोस्टिंगवर चंबळ मोटारीने दीडेक तासावर आहे. रविवार मोकळा मिळाला तर पहाटे निघायचं आणि धौलपूर-मुरैना रस्त्यावरच्या राजघाटाहून होडी घ्यायची. मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेश या तीन राज्यांत पसरलेल्या या अभयारण्यात जगातल्या बहुसंख्य जंगली सुसरी राहतात. इथे येणारे बहुतेक पाहुणे होडीत उभे राहतात, ६०० मिलिमीटरपर्यंत लेन्स ताणतात आणि डोकं व जबडा चौकटीत कोंबून बटण दाबतात. तो फोटो प्राणिसंग्रहालयातल्या हौदावर काढला तरी असाच आला असता.

खरं तर फौजीला हे शिकवायची गरज पडू नये. फील्डक्राफ्टचा ‘चीज़ें क्यों नज़र आती हैं’ हा धडा प्रत्येकाने गिरवलाय. आकार, चकाकी, सावली, सिल्हूट, पृष्ठभाग, अंतर, हालचाल. तिथे आपण हे सगळं लपवायला शिकलो, फोटो काढताना तेच उलटं वापरायचं. वाळूच्या रंगाची सुसर वाळूवर पडलेली असते. वरून पाहिलं तर तिच्यामागे लगेच वाळूच येते आणि ती त्यात विरघळते. लेन्स होडीच्या काठाइतकी खाली आणा, खाली बीनबॅग ठेवा. तिच्यामागची वाळू सरकून तिथे दूरचं पाणी येतं, त्यामागे बीहडांची धूसर मातकट भिंत येते, आणि नराच्या नाकाडावरचा तो घडा स्वच्छ उठून दिसतो. ‘घडियाल’ हे नाव त्या घड्यावरूनच पडलंय. तो सिल्हूटमध्ये दिसत नसेल तर नराचा फोटो काढून उपयोग काय?

अर्थात ‘नेहमी डोळ्याच्या पातळीवरून’ हा नियम क्लबवाले मंत्रासारखा सांगतात, तोही मला पूर्ण पटत नाही. मोठी सुसर जमिनीवर पाय उचलून चालू शकत नाही, पोट घासत सरकते. त्यामुळे पाण्यापासून तिच्यापर्यंत वाळूवर एक रुंद पट्टा उमटतो. कोवळ्या तिरक्या उन्हात त्याच्या कडा सावलीने उठून दिसतात. ती किती अवघडून वर आली आणि पाण्याला का चिकटून आहे, हे तो पट्टा सांगतो. पण होडीतून खाली वाकलात की तो दिसेनासा होतो. त्यासाठी समोरच्या काठावरची उंच दरड बरी, आणि लेन्सही लहान लागते.

सुसरीची लांबी हा वेगळाच त्रास. मोठा नर पाच मीटरच्या पुढे जातो. सगळा घ्यायचा तर चौकट आडवी आणि मोकळी हवी. कापायचाच असेल तर ठरवून कापा, शेपटीचं टोक तेवढं गेलंय असा फोटो ड्रिलमध्ये एकाचाच पाय चुकावा तसा खुपतो. जबडा तुमच्या दिशेने असेल तर एफ ५.६ वर डोळा आणि नाकपुडी दोन्ही रेखीव येणार नाहीत, मधलं अंतरच तेवढं आहे. एफ ११ घ्या, नाहीतर ती आडवी होईपर्यंत थांबा. होडी डुलत असते, तेव्हा शटर १/१००० च्या खाली नको. पांढरट वाळू कॅमेऱ्याला फसवते आणि तो चित्र काळवंडतो, म्हणून एक्स्पोजर थोडं वर न्यायचं. आणि वाळू तापली की लांब लेन्समधून हवा थरथरताना दिसते. त्यानंतरचे फोटो मऊ येतात आणि लोक लेन्सच्या कंपनीला शिव्या घालतात. साडेदहानंतर कॅमेरा बाजूला ठेवून दुर्बीण काढावी. तेव्हा पाणचिऱ्या तरी नीट बघून होतात.

पण हे सगळं तंत्र झालं. खरा प्रश्न अंतराचा आहे. हिवाळ्यात सुसर वाळूवर येते ती आरामाला नव्हे. तिच्या शरीराला ऊब बाहेरूनच मिळते आणि खाल्लेला मासा पचायलाही ती ऊब लागते. होडी जवळ आली की ती पाण्यात घसरते, आणि थंड पाण्यात मिळवलेली ऊब गमावते. मग पुन्हा वर येऊन सगळं पहिल्यापासून. दिवसात अशा चार होड्या आल्या तर तिचा सकाळचा हिशेब कोलमडतो. आणि आपल्या ग्रुपवर सर्वाधिक अंगठे मिळवणारा फोटो कोणता? पाणी उडवत नदीत झेपावणारी सुसर! त्याला ‘अ‍ॅक्शन’ म्हणतात. मी त्याला पळवून लावल्याचा पुरावा म्हणतो.

२००७-०८ च्या हिवाळ्यात याच चंबळमध्ये शंभराहून अधिक सुसरी मेल्या. आययूसीएनच्या यादीत ती आज ‘अतिसंकटग्रस्त’ आहे. तिला हवं असतं वाहतं खोल पाणी, मासे आणि अंडी घालायला उंच कोरडी वाळू. वर गांधीसागरपासून कोटा बराजपर्यंत पाणी अडवलं जातं, खाली वाळू उपसली जाते, मध्ये जाळी लागतात. म्हणजे तिची सगळी गोष्ट चौकटीच्या त्या भागात आहे जो आपण क्रॉप करून टाकतो. मागे एखादा वाळूचा ट्रॅक्टर आला तर लोक सॉफ्टवेअरमध्ये पुसतात. मी म्हणतो, राहू द्या तो ट्रॅक्टर. जमलं तर फोकसमध्ये घ्या.

धृतिमान मुखर्जी यांचा पाठीवर पिल्लांचा ढीग घेतलेल्या नर सुसरीचा फोटो अनेकांनी पाहिला असेल. तो चंबळचाच, २०२० च्या ‘वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर’मध्ये गौरवलेला. नाकावरचा घडा, पाठीवरची पिल्लं आणि भोवतीचं पाणी हे तिन्ही त्यात एकत्र आहे. नुसता जबडा घेतला असता तर तो बाप आहे हे कोणाला कळलं असतं?

चौकट खोटंही बोलू शकते, आणि हे आपल्या सांगलीकडच्या वाचकांसाठी मुद्दाम लिहितोय. कृष्णेत मगरी आहेत आणि तिथे माणसं त्याच पाण्यात उतरतात. माणसं दगावलीही आहेत, तेव्हा तिथल्या भीतीला मी हसणार नाही. पण लांब लेन्स अंतर दाबून टाकते. धुणं धुणाऱ्या बाईपासून दीडशे मीटरवर पडलेली मगर अशा फोटोत तिच्या पाठीमागेच बसल्यासारखी दिसते. तोंड उघडं असेल तर बघायलाच नको, मग ते केवळ शरीराचं तापमान राखण्यासाठी का असेना. असा फोटो संध्याकाळपर्यंत गावभर फिरतो आणि दुसऱ्या दिवशी ‘पकडून न्या’ सुरू होतं. रेंज कार्ड बनवलेल्या माणसाला तरी हे कळायला हवं. माणूस आणि मगर एका चौकटीत जरूर घ्या, त्याहून महत्त्वाचा फोटो नाही. पण बाजूने घ्या, मधलं पाणी दिसू द्या, आणि अंतर ओळीत लिहा.

होडीतून वाळूवर उतरून आडवं पडायचा मोह होतो, तो टाळावा. क्रॉलिंगची हौस फायरिंग रेंजवर भागवा. मार्चनंतर त्याच वाळूत सुसरीची अंडी असतात, पाणचिऱ्यांचीही असतात, आणि काठाच्या पाण्यात मगर असू शकते.

आता एक मागणी, सेवेतल्यांसाठी आणि माजींसाठीही. आपल्या स्टेशनांवर वन्यजीव फोटोंच्या स्पर्धा होतात, मीही दोनदा परीक्षक होतो. प्रवेशिकेवर लेन्स आणि शटर लिहून घेतात. त्याच्या बाजूला अजून दोन रकाने घाला : प्राण्यापासून अंतर किती, आणि फोटोनंतर प्राणी जागेवर राहिला का. दुसऱ्या रकान्यात ‘नाही’ असेल तर ती प्रवेशिका बाद. आणि होडीवाल्याला बक्षीस द्यायचं तर ते जवळ नेल्याबद्दल नको. इंजिन लांबूनच बंद केलं आणि होडी प्रवाहावर सोडली, तर त्याला शंभर रुपये जास्त द्या. दोन-तीन खेपांत तो स्वतःहूनच इंजिन बंद करायला लागतो.