‘ते स्वतःच म्हणतात ना?’ हे वाक्य आता बंद करा

ज्यांना जन्मात कधी कुणी जातीवरून हाक मारली नाही अशा माझ्यासारख्या सगळ्यांना ही कळकळीची विनंती आहे. ज्यांनी ती हाक ऐकली, त्यांना मी काय सांगणार?

कॉलेजांच्या नोटीस बोर्डावर ॲडमिशनच्या याद्या लागल्या आहेत. नाव, टक्के आणि त्यापुढे प्रवर्गाचा रकाना. पोरांचं बोट टक्क्यांवर थांबत नाही, सरकत त्या रकान्याशी जातं, आणि मागून कुणीतरी पुटपुटतं, ‘सरकारचे जावई’. खसखस पिकते. यादीत ज्याचं नाव आहे तो मुलगा दोन हातांच्या अंतरावर उभा असतो, झेरॉक्सची पिशवी छातीशी धरून. एखाद्याने हटकलंच तर उत्तर तयार असतं: ‘अरे, ते लोक आपसात याहून घाण बोलतात. ते स्वतःच म्हणतात ना, मग आम्ही म्हटलं तर काय बिघडलं?’

आता वसतिगृहं भरतील, एकांकिकांच्या तालमी सुरू होतील, गावोगाव पारावर निवडणुकीवरून आवाज चढतील. हे वाक्य या सगळ्या ठिकाणी ऐकू येणार आहे. म्हणून आजच लिहितो आहे.

‘जय भीम’ हे दोन शब्द घ्या. वस्तीत सकाळी भेटलेली दोन माणसं एकमेकांना ‘जय भीम’ म्हणतात तेव्हा तो नमस्कार असतो, मान वर करून केलेला. तेच दोन शब्द ऑफिसच्या कँटीनमध्ये, आवाज खाली आणून, डोळ्याने खूण करत ‘तो जयभीमवाला आहे’ असे उच्चारले की त्यांची शिवी होते. अक्षर एकही बदललेलं नाही. शब्दकोश उघडून या वादाचा निकाल लावता येत नाही. कोण बोलतो, कुणाला बोलतो आणि ऐकणाऱ्याला उलटून बोलायची सोय आहे का, यावर सगळं ठरतं.

‘मग शरणकुमार लिंबाळे यांनी आपल्या पुस्तकाचं नाव ‘अक्करमाशी’ का ठेवलं?’ असं विचारणारे भेटतात. प्रश्न रास्त आहे, त्याचं उत्तर सावकाश द्यायला हवं. तोळ्याला बारा मासे. त्यातला एक कमी पडला तर ते सोनं अकरा माशांचं, खोटं. लग्नाशिवाय जन्मलेल्या लेकराला गावाने हा शब्द चिकटवला. लिंबाळे यांची आई महार, बाप गावातला पाटील, आणि बापाने नाव दिलं नाही. गाव ज्या शब्दाने त्यांना हिणवत होतं तो त्यांनी १९८४ साली मुखपृष्ठावर छापला, खाली स्वतःचं नाव घातलं, आणि आत गावाचा सगळा हिशेब मांडला. त्यानंतर तो शब्द वाचताना मान खाली जाते ती वाचणाऱ्याची. लक्ष्मण माने यांचं ‘उपरा’ (१९८०), लक्ष्मण गायकवाड यांचं ‘उचल्या’ (१९८७), डॉ. किशोर शांताबाई काळे यांचं ‘कोल्हाट्याचं पोर’ (१९९४) ही नावं पाहा. ज्या हाकेने माणूस दारातून हाकलला जात होता ती हाक प्रत्येकाने उचलून गावाच्या दारात ठेवली आहे. लक्ष्मी नारायण त्रिपाठी यांनी ‘मी हिजडा... मी लक्ष्मी!’ हे नाव घेतलं तेव्हाही हेच घडलं.

ही नावं घ्यायला त्यांना काय मोजावं लागलं ते ‘उचल्या’ उघडून वाचा. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि अशा जमातींतल्या माणसाला जन्मतःच चोर ठरवलं. स्वतंत्र भारताने तो ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द केला. आज एवढ्या वर्षांनी पारध्यांची पालं गावाबाहेर पडली की ओट्यावरून पहिली आरोळी येते, ‘पारधी आलेत, भांडीकुंडी आत घ्या!’ आरोळी ठोकणाऱ्याला काहीच मोजावं लागत नाही. त्या रात्री गावात चोरी झाली तर पोलिसांची गाडी मात्र पालांकडेच वळते. गायकवाड ‘उचल्या’ हा शब्द लिहितात तेव्हा ती गाडी त्यांनी आपल्या दाराशी पाहिलेली असते. ओट्यावरून ओरडणाऱ्याने ती गाडी आपल्या दाराशी कधी पाहिलेलीच नसते.

१९७२ हे साल आठवा. त्या वर्षी ‘गोलपिठा’ हा कवितासंग्रह आला आणि दलित पँथर ही संघटना उभी राहिली. नामदेव ढसाळांचे शब्द मराठी पांढरपेशाला इतके अनोळखी होते की प्रस्तावना लिहिण्यासाठी विजय तेंडुलकरांना ते कवीकडूनच समजून घ्यावे लागले. त्याच वर्षीच्या १५ ऑगस्टला ‘साधना’ साप्ताहिकाच्या विशेषांकात पँथरचे राजा ढाले यांचा ‘काळा स्वातंत्र्यदिन’ हा लेख छापून आला. परभणी जिल्ह्यातल्या ब्राह्मणगावात दलित स्त्रीची विटंबना झाली होती. ढाले यांचा सवाल सरळ होता: राष्ट्रध्वजाचा अपमान केला तर तीनशे रुपये दंड, आणि बाईची अब्रू घेतली तर पन्नास? हे विचारताना त्यांनी ध्वजाबद्दल शिवराळ शब्द वापरला. महाराष्ट्रात गहजब उडाला तो त्या शब्दावरून. ब्राह्मणगावच्या बाईसाठी तेवढे हात वर झाले नाहीत. तापलेल्या माणसाची भाषा आपल्या कानाला लगेच टोचते. त्याला तापवणाऱ्या शेकडो वर्षांच्या हाका आपल्याला ऐकूच येत नाहीत. ‘ते स्वतःच म्हणतात ना’ म्हणणारे आज त्याच जागी बसले आहेत. फरक इतकाच की तेव्हा तो शब्द ऐकवत नव्हता, आता तो आपल्याही तोंडी हवा आहे.

‘पण नियम सगळ्यांना सारखा नको का?’ असं मला वकिलीच्या थाटात विचारलं जातं. त्यांनी कायदाच वाचावा. १९८९ चा अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा जातीवाचक शिवीगाळीला गुन्हा ठरवतो, आणि त्या कलमाची सुरुवातच आरोपी कोण इथून होते: तो स्वतः अनुसूचित जातीचा किंवा जमातीचा नसला पाहिजे. शिक्षा सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत. म्हणजे कोण बोलतो याने फरक पडतो, हे संसदेनेच लिहून ठेवलं आहे. ‘ते तर नुसतं जातीचं नाव आहे, शिवी कुठे आहे?’ ही पळवाटही सर्वोच्च न्यायालयाने २००८ सालीच बुजवली. जातीचं नाव हिणवण्यासाठी घेतलं तर तो गुन्हाच, आणि ते हिणवणं आहे की नाही हे आजच्या बोलण्यात तो शब्द कसा वापरला जातो त्यावरून ठरेल, असं न्यायालयाने म्हटलं.

कायद्याची चौकट मात्र सगळ्यांना पुरत नाही. एका दलित जातीतला माणूस दुसऱ्या दलित जातीच्या माणसाला त्या जातीच्या नावाने हिणवतो, तेव्हा हे कलम लागत नाही, पण शब्द तितकाच बोचतो. आपणही खालचेच म्हणून खालचा कुठलाही शब्द वापरायला मोकळे, असं होत नाही. जो शब्द आपल्या पाठीवर पडलेला नाही तो आपला नाही, मग आपण कुणीही असू.

आणि ज्यांच्या पाठीवर तो पडला, त्यांनी तो वापरावा का? यावर त्यांच्यात एकमत नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांबरोबर धम्मदीक्षा घेतलेल्या कितीतरी घरांत जुन्या जातीचं नाव उंबऱ्याच्या आत येऊ दिलं जात नाही. उलट पंजाबात गायिका गिन्नी माही जातीचं नाव गाण्यात घेऊन व्यासपीठावर उभी राहते आणि हजारो लोक टाळ्या वाजवतात. दोन्ही बाजूंना आपापली कारणं आहेत आणि हा वाद त्यांचा आहे. बाहेरून नाव ठरवायला गेलं की काय होतं, ते मुंबई विधानसभेने १९३८ साली पाहिलं आहे: ‘हरिजन’ हे नाव कायद्यात घालायला निघाल्यावर बाबासाहेब आपल्या सहकाऱ्यांसह सभात्याग करून बाहेर पडले. नाव प्रेमाने ठेवलं होतं असं ठेवणारे म्हणत होते. ज्यांचं होतं त्यांना विचारलं नव्हतं.

आता थेट मागण्या.

शिक्षकांनो, ढसाळ आणि लिंबाळे वर्गात शिकवा, आहेत तसे शिकवा, शब्द गाळू नका. फक्त तो शब्द आला की वर्गातल्या ठरावीक बाकाकडे पाहू नका, आणि ‘तू सांग रे तुझा अनुभव’ म्हणून कुणाला उभं करू नका. शिष्यवृत्तीचे अर्ज भरून घ्यायचे तर ‘कॅटेगरीवाले उभे राहा’ असा पुकारा करू नका. एक चिठ्ठी पुरते.

एकांकिका बसवणाऱ्या मुलांनो, तुमच्या नाटकातला पाटील तो शब्द बोलणारच, बोलू दे. प्रेक्षकाला तो पाटील कळला पाहिजे. पण तालीम संपल्यावर चहाच्या टपरीवर तोच शब्द एखाद्या मित्राचं टोपणनाव होतो, तिथे थांबा. ‘तो माझा जिगरी आहे, त्याला चालतं’ हे तुम्ही कशावरून ठरवलंत? तो हसतो म्हणून? तो तुमच्या खोलीत राहतो, तुमच्या गाडीवर मागे बसतो, परीक्षेच्या आदल्या रात्री तुमच्या नोट्स मागतो. त्याने हसायचं नाही तर काय करायचं? त्याला ‘तुला चालतं ना?’ असंही विचारू नका, ते ओझं पुन्हा त्याच्याच डोक्यावर जातं. बोलणं सोडून द्या, तेवढंच करा.

गावकऱ्यांनो, जातींच्या नावांच्या वस्त्यांची नावं बदलायचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने डिसेंबर २०२० मध्ये घेतला. समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर अशी नावं आली. पत्ता सांगताना, लग्नपत्रिका वाटताना, एसटीतून उतरणाऱ्या पाहुण्याला वाट दाखवताना मात्र जुनंच नाव तोंडी येतं. ज्या गावात ठराव झाला नसेल तिथे पुढच्या ग्रामसभेत विषय मांडा, आणि नवं नाव काय हवं ते त्या वस्तीतल्या माणसांना ठरवू द्या. झाला असेल तिथे नवं नाव जिभेला लावून घ्या. आपण वापरलं नाही तर पाटी रंगवून उपयोग नाही.

व्हॉट्सॲप ग्रुप चालवणाऱ्यांनो, आरक्षणावरचा ‘विनोद’ आला की तो तिथेच, सगळ्यांसमोर काढायला लावा. खासगीत समजावून सांगितलं तर ज्याने तो मुकाट वाचला त्याला तुम्ही बोललात हे कधी कळतच नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, ज्यासाठी मी हे लिहायला बसलो. अत्याचार प्रतिबंधक कायद्यातलं शिवीगाळीचं कलम लागायचं तर शिवी लोकांच्या नजरेसमोर दिलेली असावी लागते. म्हणजे बघणारे लागतात, आणि त्यांनी पुढे येऊन सांगावं लागतं. खटले इथेच गळतात. पारावर पंधरा जण होते, पोलीस आल्यावर एकालाही काही ऐकू आलेलं नसतं. कुणाची सोयरीक आड येते, कुणाचं सोसायटीचं कर्ज, कुणाला उद्या त्याच बांधावरून पाणी न्यायचं असतं. ही भीती खरी आहे, मी ती खोटी म्हणत नाही. पण कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने साक्षीदारांच्या हक्कांचं स्वतंत्र प्रकरण आलं आहे: संरक्षण मागता येतं, कोर्टात येण्याजाण्याचा खर्च सरकारने द्यायचा आहे. १४५६६ हा या कायद्यासाठीचा देशभराचा निःशुल्क क्रमांक आहे, तो मोबाइलमध्ये साठवून ठेवा.

तो शब्द तुमच्या कानावर पडला तर तारीख, वेळ, जागा आणि नेमके काय शब्द होते ते त्याच दिवशी लिहून ठेवा. ज्याला शिवी दिली त्याच्या घरी जा आणि ‘मी तिथे होतो, मी सांगेन’ असं त्याला सांगा. जबाब घ्यायला पोलीस तुमच्या दाराशी आले, तर घरात असताना ‘घरी नाहीत’ असा निरोप देऊ नका.