एका दिवसाची वस्ती

नववीच्या वर्गास भूगोल शिकवीत असतां आम्हीं एकदां फिलिपाईन्स द्वीपसमूहाची मुख्य निर्यात कोणती, असा प्रश्न घातला. खोबरें, केळीं, अननस, विजेच्या उपकरणांचे सुटे भाग, अशीं उत्तरें येत गेलीं. इतक्यांत मागच्या बाकावरील एक मुलगा उठला. त्याचे वडील मालवाहू जहाजावर नोकरीस आहेत व त्यांच्याबरोबरचे निम्मे खलाशी फिलिपिनो आहेत. तो म्हणाला, "सर, माणसें." वर्ग हंसला, आम्हीही हंसलों. परंतु घंटा झाल्यावर तें उत्तर आमच्या डोक्यांतून जाईना. त्यास गुण द्यावयाचे तर पुरे द्यावे लागले असते.

सन १९७४ च्या सुमारास तेलाचे भाव चढून आखाती देशांत बांधकामें जोरानें सुरू झालीं होतीं, आणि फिलिपाईन्समध्यें शिकलेल्या तरुणांस काम मिळत नव्हतें. त्या वर्षीं अध्यक्ष मार्कोस ह्यांच्या सरकारनें नवा कामगार कायदा करून परदेशीं माणसें पाठविणें हें सरकारी धोरण करून टाकलें. तेव्हां ही तात्पुरती तजवीज समजली गेली होती. पन्नास वर्षें लोटलीं. तजवीज कायम आहे. सन २०२३ मध्यें ह्या लोकांनीं घरीं पाठविलेली रक्कम सुमारें ३३.५ अब्ज अमेरिकन डॉलर भरली. एवढा पैसा येऊं लागल्यावर गौरवाचे शब्दही आपोआप येतात. सन १९८८ मध्यें अध्यक्षा कोराझोन अक्विनो ह्यांनीं हाँगकाँगमध्यें घरकाम करणाऱ्या आपल्या देशभगिनींस 'नवे वीर' ही पदवी दिली, व ती आजही भाषणांतून ऐकूं येते. आम्हांस ह्या पदवीचा थोडा वीट आहे. वीर म्हटलें कीं त्यानें सोसावें हें ओघानेंच येतें. वीरास सुटी कोण देतो, आणि वीरानें पगाराची तक्रार केलेली कोणास आवडते? ह्या पैशाविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे. आम्हांस त्याहून महत्त्वाची वाटते ती गोष्ट अशी, कीं ह्या लोकांनीं परक्या मुलखांत आठवड्याच्या एका मोकळ्या दिवसांतून आपला समाज उभा केला आहे.

ही गोष्ट हाँगकाँगमध्यें सर्वांत स्पष्ट दिसते. तेथें तीन लाखांहून अधिक परदेशी घरकामगार आहेत; त्यांतील निम्म्याहून अधिक फिलिपिनो, आणि बहुतेक सर्व स्त्रिया. त्यांत पदवीधर पुष्कळ आहेत. आमच्याच व्यवसायांतल्या, म्हणजे स्वदेशीं शाळेंत शिकविणाऱ्याही कमी नाहींत. सन २०२४ मध्यें त्यांचें किमान मासिक वेतन ४९९० हाँगकाँग डॉलर होतें. सन २००३ पासून त्यांनीं मालकाच्याच घरीं राहिलें पाहिजे असा दंडक आहे, मग ती जागा लेंकरांच्या खोलींतली असो कीं स्वयंपाकघराचा कोपरा असो. करार संपला कीं दोन आठवड्यांत दुसरा मालक मिळवावा, नाहीं तर देश सोडावा, हा नियम १९८७ चा. इतर परदेशीय तेथें सात वर्षें राहिले तर कायमच्या रहिवासाचा हक्क मागूं शकतात. घरकामगारांस तो मागतां येणार नाहीं, असा निकाल तेथील सर्वोच्च न्यायालयानें २०१३ मध्यें दिला. ज्या शहराचीं मुलें ह्या स्त्रियांनीं अंगाखांद्यावर वाढविलीं, त्या शहरांत त्या वीस वर्षें राहिल्या तरी पाहुण्याच! मात्र एक गोष्ट कायद्यानें त्यांस दिली आहे: सात दिवसांत एक पूर्ण दिवस विश्रांति.

बहुतेकींचा तो दिवस रविवार असतो. सेंट्रल नांवाच्या भागांत एरवीं पेढीवाल्यांची व वकिलांची लगबग असते. रविवारीं तेथील स्टॅच्यू स्क्वेअरचें पटांगण, वाहनांस बंद केलेला चेटर रोड, आणि १९८५ मध्यें पुऱ्या झालेल्या एका बँकेच्या इमारतीचा चोहों बाजूंनीं मोकळा तळमजला ह्या स्त्रियांनीं भरून जातो. पुठ्ठे अंथरले जातात, पुठ्ठ्याच्याच कमरेएवढ्या भिंती उभ्या राहतात, पायताणें बाहेर काढून ठेवून मंडळी आंत बसते. एकाच गांवच्या वा एकाच प्रांताच्या बायका दर आठवड्यास एकाच ठिकाणीं बसतात. त्यामुळें काल विमानांतून उतरलेल्या मुलीसही, अमुक खांबापाशीं गेलें असतां आपली बोली कानावर पडेल, हें ठाऊक असतें. भात आणि अडोबोचे डबे उघडतात. एक दुसरीचे केंस कापते, एक नखें रंगविते. पलीकडे नाचाची तालीम चाललेली असते, कोणी फोनवर लेंकराचा गृहपाठ घेत असते. आमच्याकडील भिशीप्रमाणें त्यांचें 'पालुवागन' चालतें. दर महिन्यास सर्वांची वर्गणी एकीच्या हातीं पडते, आणि तिच्या गांवच्या घरावर पत्रे चढतात. कराराचा कागद वाचून दाखविणारी अनुभवी बाईही तेथेंच भेटते. अशा वडील बाईस सर्वजणी 'आते' म्हणतात. मराठी कानास प्रथम बापाची बहीण आठवते. त्यांच्या भाषेंत ती थोरली बहीण होय. नातें एका पायरीनें चुकलें तरी जिव्हाळा चुकत नाहीं.

हें सारें करमणुकीचें आहे, ह्यांत गंभीर तें काय, असें कोणास वाटेल. त्यासाठीं एक जुनी हकीकत सांगतों. सन १९८२ च्या अखेरीस मार्कोस सरकारनें फर्मान काढलें, कीं परदेशांतील कामगारांनीं कमाईचा ठराविक भाग सरकारमान्य बँकांतूनच घरीं पाठविला पाहिजे. घरकामगारांस हा भाग निम्मा ठरविला होता. न पाठविणाऱ्यास पासपोर्टाचें नूतनीकरण नाकारण्याची धमकी होती. रविवारीं एकत्र बसणाऱ्या ह्याच मंडळ्यांनीं हाँगकाँगमध्यें एकजूट केली, सह्या जमविल्या, सभा घेतल्या. आणि १९८५ मध्यें त्या फर्मानांतील शिक्षेचीं कलमें सरकारला मागें घ्यावीं लागलीं. नखें रंगविणाऱ्या बायकांनीं हुकूमशहास एक पाऊल मागें सरावयास लावलें. त्या एकमेकींस आधींपासून ओळखत नसत्या तर हें कसें घडतें?

म्हणूनच त्या जागेवरून वारंवार तंटे झाले आहेत. सन १९९२ मध्यें तेथील इमारतींच्या मालकांनीं व दुकानदारांनीं चेटर रोड रविवारींही वाहनांस खुला करावा, आणि ह्या बायकांनीं वाटल्यास मोटारी ठेवण्याच्या तळघरांत बसावें, असा आग्रह धरला. त्यांच्या बसण्यानें बाजाराची शोभा जाते म्हणे! पुढें साथीच्या काळांत, जानेवारी २०२० मध्यें, कामगार खात्यानें ह्यांस सुटीच्या दिवशींही मालकाच्या घरींच राहण्याची विनंती केली. सन २०२२ च्या आरंभीं ठरल्याहून अधिक जणी एकत्र दिसल्या तर दंड होऊं लागला. दंड ५००० डॉलर, आणि त्या वेळचें किमान मासिक वेतन ४६३० डॉलर. साथीचे नियम आवश्यक होते हें आम्हांस मान्य आहे. परंतु ज्यांस स्वतःची खोलीच नाहीं त्यांस 'घरीं राहा' म्हणणें म्हणजे 'कामावर राहा' म्हणणेंच झालें, हें नियम करणाऱ्यांच्या ध्यानांत आलें नाहीं, किंवा येऊनही चाललें.

रविवारच्या ह्या वस्तींत 'बालिकबायन' पेटी भरली जाते, तिचेंही सांगितलें पाहिजे. 'बालिक' म्हणजे परतणें, 'बायन' म्हणजे आपला गांव वा देश. मोठ्या खोक्यांत साबण, टॉवेल, बूट, चॉकलेट, मांसाचे डबे असें कांहीं ना कांहीं महिनोगणती साठवीत जावयाचें आणि मग तें जहाजानें घरीं धाडावयाचें. ह्यांतील बराच माल आतां मनिलांत विकत मिळतो, मग भाडें भरून पेटी कशाला, असा हिशेबी प्रश्न पुष्कळ विचारतात. त्यांनीं कधीं लेंकराच्या पायाचें माप दोऱ्यानें घेऊन परगांवीं बूट घेतलेले नसावेत. सन २०१५ मध्यें तेथील जकात अधिकाऱ्यांनीं ह्या पेट्या उघडून तपासण्याचें ठरवितांच जगभरच्या फिलिपिनो कामगारांनीं असा गहजब केला कीं अध्यक्षांस तें थांबवावें लागलें. पुढील वर्षीं कायदा करून दीड लक्ष पेसोपर्यंतच्या मालावरील जकात माफ झाली.

ही रीत आजकालची नव्हे. सन १९०६ मध्यें पंधरा फिलिपिनो मजूर हवाईच्या उंसाच्या मळ्यांवर उतरले. मागाहून हजारों तरुण कॅलिफोर्नियाच्या शेतांवर गेले. त्यांच्याबरोबर बायका जवळजवळ नव्हत्या, आणि तेथील गोऱ्या स्त्रियांशीं विवाह करण्यास १९४८ पर्यंत कायद्यानें बंदी होती. संसार न करतां म्हातारे झालेले हे लोक आपसांत जमत, जेवत, पत्ते खेळत. डिलेनो गांवीं त्यांनीं समाजाचें एक सभागृह बांधलें होतें. सप्टेंबर १९६५ मध्यें द्राक्षमळ्यांतील संपाचा ठराव ह्याच सभागृहांत झाला. लॅरी इटलिओंग हा त्यांचा पुढारी होता. मेक्सिकन मजूर आठवड्याभरांत त्यांस येऊन मिळाले. संप पांच वर्षें चालला व मळेवाल्यांनीं करार केले. सन १९७४ मध्यें ह्या एकाकी म्हाताऱ्यांसाठीं तेथें अग्बायानी ग्राम नांवाचें वसतिस्थान उभें राहिलें. इतिहासाच्या पुस्तकांत ह्या संपाचें श्रेय बहुधा सीझर चावेझ ह्या एकट्यास मिळतें. पहिला ठराव कोणाच्या सभागृहांत झाला, हें विसरलें जातें.

आपल्या लोकांस ह्यांत परकें वाटण्याजोगें कांहीं नाहीं. मुंबईस धोबी तलावाच्या आसपास गोमंतकीय खलाशांच्या व आचाऱ्यांच्या 'कुडी' होत्या. थोड्या आजही आहेत. एका गांवाची एक कूड, भिंतीशीं ओळीनें ट्रंका, गांवच्या संताची वेदी, आणि सायंकाळीं सर्वांनीं मिळून म्हटलेली रोझरी. दुबईच्या सेंट मेरी चर्चमध्यें तर एकाच छपराखालीं कोंकणी मिस्सा होते आणि टागालोगही. डिसेंबरांत फिलिपिनो लोक नाताळापूर्वीं नऊ दिवस 'सिंबांग गाबी' पाळतात. स्वदेशीं ही उपासना पहाटे होते. परदेशीं पहाटे कामावर जावयाचें असतें, म्हणून ती बहुधा संध्याकाळीं होते. पहाटेची संध्याकाळ झाली तरी नऊंतला एक दिवस कमी होत नाहीं.

ह्या समाजांत दोष नाहींत असें मात्र आम्ही म्हणत नाहीं. चहाड्या आहेत, प्रांताप्रांतांचे हेवे आहेत. पासपोर्ट गहाण ठेवून घेतलेल्या कर्जानें कित्येकींचे पगार खाल्ले आहेत, आणि खोट्या नोकरीचें आमिष दाखविणारा पुष्कळदां आपलाच देशबांधव निघतो. माणसें जेथें जातात तेथें आपल्या खोडीही घेऊन जातात.

आतां पालकांपुढें एक गोष्ट ठेवूं, आणि ती आमच्याच घरची. घरकामगारांस आठवड्यांत सलग चोवीस तास सुटी मिळाली पाहिजे, असा करार आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेनें २०११ मध्यें मंजूर केला. फिलिपाईन्सनें तो २०१२ मध्यें स्वीकारला. हिंदुस्थानानें अद्याप स्वीकारलेला नाहीं. हें वाचून आम्ही आपल्या सरकारास दोष देत बसलों होतों, तोंच स्वयंपाकघरांतून भांड्यांचा आवाज आला. दिवस रविवारचा होता. आम्ही उपासनेहून नुकतेच परतलों होतों, आणि गेलीं सहा वर्षें आमच्याकडे काम करणाऱ्या बाई, आम्ही देवळांत जात असूं त्या वेळीं, दर रविवारीं ह्याच घरीं होत्या. हें आमच्या कधीं मनांतही आलें नव्हतें. शेवटची सुटी केव्हां घेतली, असें विचारतां त्यांस आठवेना.

गेल्या जूनपासून त्या रविवारीं येत नाहींत. पगार तोच आहे. तो कापण्याचा विचार घरांत एकदां निघाला होता, हेंही लपवीत नाहीं. पहिल्या रविवारनंतर त्या सोमवारीं आल्या तेव्हां, काल काय केलेंत, असें आम्हीं सहज विचारलें. त्या म्हणाल्या, "बहिनीकडं गेले होते, सर. हितंच राहती ती, पुलापलीकडं. दोन वरसांनी भेटलो."