गाडी दरेकसाला थांबते का?

मैत्रिणींनो, परका मुलूख म्हटला की हल्ली चीनचं नाव हटकून निघतं. कुणाची भाची तिकडे डॉक्टरकी शिकायला गेलेली असते, कुणाच्या जावयाची कंपनीने दोन वर्षांसाठी रवानगी केलेली असते. मग हळदीकुंकवाला आया एकमेकींना सांगत बसतात. तिथं म्हणे भाजीवालीलासुद्धा पैसे फोनवरूनच द्यायचे. आपलं व्हॉट्‌सॲप चालत नाही, वीचॅट घ्यावं लागतं. हॉटेलात बसलं की प्यायला गरम पाणी समोर येतं. आणि पाटी वाचता येत नाही म्हणून पत्ता चिनी अक्षरांत लिहून घ्यायचा नि टॅक्सीवाल्यापुढे धरायचा!

सगळं खरं आहे. पण परकेपणासाठी इतकं लांब कशाला जायला हवं? आपल्याच महाराष्ट्राच्या पूर्व टोकाला गोंदिया जिल्हा आहे. १ मे १९९९ ला तो भंडाऱ्यातून वेगळा झाला. ‘ह्यां’ची बदली तिकडे सालेकसा-देवरीला झाली, की बँकेतल्या, वनखात्यातल्या, शाळेतल्या कितीतरी गृहिणींचे चेहरे काळ्या पाण्याची शिक्षा झाल्यासारखे होतात. वर्षानुवर्षं त्या भागाचं नाव पेपरात आलं ते नक्षलवाद्यांच्या बातम्यांतूनच, त्यामुळे माहेरचेही घाबरवतात. पोचल्यावर कळतं की बाजारात हिंदी चालते, एका शेजारणीच्या घरात पोवारी, दुसरीच्या घरात छत्तीसगढी, मराठी बोलणारीची मराठीही झाडीची, आणि डोंगराकडच्या गावांत गोंडी. ज्वारी-बाजरीची भाकरी शोधावी लागते, तांदूळ मात्र म्हणाल तितका. (नव्या तांदळाला पाणी कमी घाला, नाहीतर पहिले दोन महिने घरात नुसता गिचका होईल.)

या मुलखाशी ओळख करून घ्यायची तर माघी पौर्णिमेच्या सुमाराला कचारगडला जा. सालेकसा तालुक्यात, छत्तीसगडच्या सीमेला लागून हे डोंगर आहेत. तिथल्या गुहा हे गोंड समाजाचं मूळस्थान. लोह्याच्या कच्च्या दगडावरून कचारगड नाव पडलं असं सांगतात. यात्रेच्या दिवसांत महाराष्ट्राबरोबरच मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणा, ओडिशा अशा राज्यांतून माणसं येतात. एरवी जिथं पानही हलत नाही तिथं चार-पाच दिवस शहरच वसतं म्हणा ना! आणि त्या शहरात आपण परक्या.

आधी जायचं कसं ते सांगते. गोंदियाहून दुर्गकडे जाणाऱ्या लोहमार्गावर आमगाव, सालेकसा आणि मग दरेकसा लागतं. पुढचं बोरतलाव छत्तीसगडात. मोठमोठ्या गाड्या दरेकसाच्या अंगावरून धडाडत निघून जातात, थांबतात त्या साध्या गाड्या. तेव्हा तिकीट काढताना खिडकीवर ‘गाडी दरेकसाला थांबते का?’ हे विचारायला लाजू नका. दरेकसाहून धनेगाव, आणि धनेगावाहून पुढे जंगलातून चढ. चपलेचा पट्टा धड बघून निघा. माघात पहाटे कुडकुडायला होतं नि दुपारी ऊन चटके देतं, म्हणून शालही हवी आणि पाण्याची बाटलीही. गुहेत उतरताना दोन्ही हात मोकळे लागतात, पिशवी काखोटीची घ्या. आणि अत्तर-सेंट लावून जाऊ नका हो, डोंगरकपारींत आग्या मोहोळं असू शकतात.

मोठी गुहा खरोखरच भली मोठी आहे. छताला भगदाड आहे, त्यातून उजेडाचा झोत खाली येतो. तिथं घडल्याची जी कथा सांगतात ती आईची आहे. काली कंकालीची तेहतीस मुलं या गुहेत कोंडली गेली, तोंडावर शिळा बसली, आई बाहेर आक्रोश करत राहिली. मग पारी कुपार लिंगो आणि जंगो रायताड मदतीला आले. हिरासुका पाटालीर नावाच्या वादकानं बाहेर वाद्य वाजवलं, त्या सुरांनी मुलांच्या अंगात बळ आलं आणि आतून रेटा देऊन त्यांनी शिळा ढकलली. मुलं सुटली, पण वाजवणारा शिळेखाली गेला. कथेची रूपं निरनिराळी आहेत, सांगणारा बदलला की तपशील बदलतो. पण गाणारा-वाजवणारा माणूस जिथं देवाच्या पंगतीत बसतो, तिथं ढोल रात्रभर का घुमतो हे वेगळं सांगायला नको. झोप लागणार नाही, याची तयारी ठेवूनच जा.

आता बोलायचं कसं? ‘जय सेवा’ म्हणा. नमस्काराच्या जागी हे चालतं. बाईला मानानं ‘तिरुमाय’, पुरुषाला ‘तिरुमाल’. देव म्हणजे ‘पेन’. पाणी म्हणजे ‘येर’, हा शब्द तेवढा पाठच करा. आणि कुणी आकडे मोजताना ‘उंदी, रंड, मुंड, नालुंग’ म्हणालं तर दुसऱ्या शब्दाला दचकून मागे वळू नका. ती शिवी नव्हे, ते दोन! सोलापूर-सांगलीकडच्या भगिनींच्या लगेच लक्षात येईल, कानडीतले ‘ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु’ ते हेच. गोंडी ही द्राविड भाषा, कानडी-तेलुगूची बहीण.

आपल्याकडे बायका भेटल्या की माहेर कुठलं, गोत्र कुठलं हे विचारतात ना, तसं गोंड बायका एकमेकींना ‘किती देवांचे?’ असं विचारतात. चार देवांची घराणी, पाच, सहा नि सात देवांची घराणी. सारख्या देवसंख्येचे ते भाऊबंद, त्यांच्यात सोयरीक होत नाही. वेगळ्या संख्येचे ते सोयरे. तेलंगणातून आलेली आणि मंडल्याहून आलेली, एकीचं बोलणं दुसरीला धड कळत नाही, पण एवढ्या एका प्रश्नात कोण बहीण नि कोण विहीण हे ठरतं आणि दोघी एका चुलीशी बसतात. असली सोय मी दुसरीकडे ऐकलेली नाही.

पण तिथंच एक गोष्ट मनाला लागते. पुढचं बोलणं त्या दोघी पुष्कळदा हिंदीत करतात. मुलीला तर गोंडी येतच नाही, आजीला तेवढी येते. २०११ च्या जनगणनेत गोंडी बोलणारे सुमारे २९ लाख ८० हजार भरले. एवढी मोठी भाषा, तरी राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत तिला जागा नाही. शाळा मराठीतून, हिंदीतून किंवा तेलुगूतून. म्हणजे त्या घरातलं मूल आपल्याच गावात पहिल्या दिवशी परकं. आपल्या पोरांना इंग्रजी शाळेत घालताना आपण किती विचार करतो! नागपूरचे डॉ. मोतीरावण कंगाली (१९४९–२०१५) रिझर्व्ह बँकेतली नोकरी सांभाळून गोंडी भाषेवर आणि धर्मावर पुस्तकं लिहीत राहिले. १९८० नंतरच्या काळात कचारगडची यात्रा आजच्या रूपात उभी राहिली त्यात त्यांचा नि त्यांच्या सोबत्यांचा वाटा मोठा.

सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये चीनला गेले, तेव्हा त्यांना तिथली भाषा येत नव्हती. १९४२ मध्ये, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी ते तिथंच वारले. त्या आधी ते चिनी भाषेत शिकवूही लागले होते. त्यांच्याइतकं आपल्याला जमणार नाही हे मान्य, पण बदलीच्या गावी तीन वर्षं काढून शेजारणीच्या भाषेतले तीन शब्द न येणं, हे काही मला पटत नाही.

आणखी एक. कचारगडला सहलीसारखं जाऊ नका. हाजरा धबधबा जवळच आहे, डबा तिथं उघडा. पंढरीच्या वाटेवर कुणी सतरंजी टाकून पत्ते कुटायला बसलं तर आपल्याला कसं वाटेल? पूजा चालू असताना फोटो काढायचा तर आधी विचारा, आणि ‘नको’ म्हटलं तर फोन पिशवीत ठेवा. ‘यांचे देव कसले, नुसते दगड’ हे वाक्य मुलांच्या तोंडून निघणार नाही एवढी तालीम घरूनच देऊन आणा.

परतताना सालेकसा-आमगावच्या बाजारात चारोळी मिळाली तर घ्या, पण दाणा दाताखाली धरून बघा. चारोळी निघते उन्हाळ्यात, म्हणजे माघात मिळते ती आधीच्या वर्षीची, खवट निघू शकते. सुकी मोहफुलंही अशीच पारखून घ्या, कीड असते. निवडून, भाजून, तिळाबरोबर कुटली की लाडू छान होतात, गूळ अगदी थोडा लागतो.