हौद्यातल्या बाया

4 एप्रिल 2025 रोजी सकाळी वसमत तालुक्यातल्या गुंज गावच्या बाया ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून शेतकामाला निघाल्या होत्या. गाव हिंगोली जिल्ह्यातलं, शेत शेजारच्या नांदेड जिल्ह्यात, आलेगावच्या शिवारात. ट्रॅक्टर ट्रॉलीसकट विहिरीत कोसळला. सात जणी बुडून मेल्या, तिघांना वर काढता आलं. सरकारने मदत जाहीर केली, ते योग्यच झालं. पण त्या सकाळी या बायांनी कायद्याला धरून कोणत्या वाहनात बसायला हवं होतं, याचं उत्तर अजून कोणी दिलेलं नाही.

केंद्रीय मोटार वाहन नियमांत शेतीच्या ट्रॅक्टरची व्याख्या आहे. अवजारं चालवायची आणि ट्रॉली जोडून शेतीचा माल न्यायचा, एवढंच त्याचं काम. त्या व्याख्येत मजुराला जागा नाही. मग उरतात तीन चाकं.

जिल्ह्यातल्या कुठल्याही फाट्यावर सकाळी सातला उभं राहा. लोडिंग ऑटो येतो. कंपनी कोणतीही असो, आपल्याकडे त्याला अ‍ॅपेच म्हणतात. मागची फळी पाडलेली असते. आधी चढलेली बाई खालच्या बाईला हात देऊन वर घेते. डबे आणि पाण्याच्या बाटल्या मधे, विळे-खुरपी पोत्यात गुंडाळून पायाखाली. बसायला बाक नाही, धरायला दांडी नाही. एकमेकींच्या खांद्याला धरूनच सगळा रस्ता काढायचा. म्हातारी असेल तिला पुढे, केबिनच्या पाठीला टेकवून बसवतात. शेवटी चढलेली पोरगी फळीच्या कडेला, पाय बाहेर सोडून.

सरकार या वाहनाची विभागणी अशी करतं. ताशी 25 किलोमीटरहून अधिक वेगाची तीनचाकी म्हणजे एल-5 प्रवर्ग. त्यात माणसं नेणारी ‘एल-5 एम’ आणि माल नेणारी ‘एल-5 एन’. आपल्या राज्यात साध्या ऑटोला चालक सोडून तीन प्रवासी मंजूर. शेतात जाणारी टोळी दहा-बारा जणींची. तिला नियमाने न्यायचं तर चार ऑटो लागतील आणि चार ऑटोंचं भाडं कोणताही शेतकरी रोजावर चढवून देणार नाही. म्हणून टोळी मालाच्या गाडीत चढते. एसटी शेताच्या बांधापर्यंत जात नाही, हे सांगायलाच नको.

या विभागणीची खरी किंमत अपघात झाल्यावर कळते. मोटार वाहन कायद्याचं कलम 147 विम्याबद्दल आहे. 1994 साली त्यात दुरुस्ती होऊन मालगाडीतून मालासोबत जाणारा मालाचा मालक किंवा त्याचा अधिकृत प्रतिनिधी विम्याच्या कक्षेत आला. बाकी कोणी नाही. डिसेंबर 2002 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आशा राणी खटल्यात हेच पक्कं केलं : मालवाहू वाहनात फुकट बसलेल्या माणसाची भरपाई विमा कंपनीवर बंधनकारक नाही. आता आपल्या जिल्ह्याकडे पाहा. हळदीची पोती घेऊन शेतकरी वसमतच्या किंवा हिंगोलीच्या बाजारात निघाला आणि केबिनमध्ये मंजूर जागेवर बसला असेल, तर त्याला संरक्षण आहे. तीच हळद काढायला त्याच गाडीच्या हौद्यात बसून गेलेल्या बाईला नाही. कागदावर ती प्रवासी नाही आणि मालाची मालकीणही नाही.

अशा वेळी भरपाईचा बोजा गाडीमालकावर येतो. हप्त्यावर अ‍ॅपे घेतलेला गावातलाच पोरगा तो. त्याच्याकडून काय वसूल होणार? मेलेल्या बाईच्या लेकरांना मग मदतनिधीची वाट पाहावी लागते. तो निधी मोठ्या अपघाताला मिळतो. एकटी बाई फळीवरून पडून मेली तर तिची बातमीही होत नाही.

अपघात झाला की आठ-पंधरा दिवस तपासणीची मोहीम निघते, दंड होतो, गाड्या आडवाटेने जाऊ लागतात. आडवाट म्हणजे खड्डे, ओढे आणि कठडा नसलेल्या विहिरी. नुसत्या कारवाईने धोका रस्त्यावरून उचलून शिवारात नेऊन ठेवला जातो.

खरा उपाय म्हणजे या टोळ्यांच्या गाडीला कायद्यात जागा देणं. असा नवा प्रवर्ग करणं अवघड आहे असं कोणी म्हणू नये. दिल्ली उच्च न्यायालयाने 31 जुलै 2014 रोजी तिथल्या ई-रिक्षांवर बंदी घातली. ऑक्टोबरात केंद्राने नियम काढले : चार प्रवासी, 40 किलो सामान, 2000 वॅटपर्यंतची मोटार, ताशी 25 किलोमीटरची मर्यादा. जानेवारी 2015 मध्ये अध्यादेश आला, मार्चमध्ये कायदा दुरुस्त झाला. पुढच्या वर्षी परवान्याची अटही काढली. जे वाहन कायद्याच्या कोणत्याच चौकटीत बसत नव्हतं, त्याच्यासाठी आठ महिन्यांत नवी चौकट उभी राहिली. हजारो चालकांचं पोट त्यावर होतं, म्हणून ते चांगलंच झालं. पण आमच्या टोळीला ही ई-रिक्षा पुरत नाही. ती शहरातल्या शेवटच्या मैल-दोन मैलांसाठी बेतलेली आहे; पंधरा किलोमीटरच्या कच्च्या वाटेसाठी नाही.

राज्य सरकारने यासाठी दिल्लीकडे डोळे लावून बसायची गरज नाही. 2019 च्या दुरुस्तीने कलम 67 मध्ये तिसरं पोटकलम आलं. प्रवासी व माल वाहतुकीच्या योजना करायचा आणि त्याखाली परवाने द्यायचा अधिकार त्याने राज्याला दिला आहे, तोही कायद्यातल्या इतर तरतुदी काहीही असल्या तरी. ज्या कारणांसाठी तो वापरता येईल त्यांच्या यादीत ‘ग्रामीण वाहतूक’ असे शब्द स्पष्ट छापलेले आहेत.

या अधिकारात शेतमजुरांच्या वाहतुकीची योजना काढता येईल. मंजूर गाडीला दोन्ही बाजूंनी बाक, छातीइतका कठडा, वर छत, चढायला पायरी. माणसांची संख्या ठरलेली आणि गाडीवर रंगवलेली. वेगाला मर्यादा, परवाना तालुक्यापुरता. आणि बसणाऱ्या प्रत्येकीचा विमा त्या परवान्यालाच जोडलेला, हप्त्याचा मोठा वाटा सरकारने उचललेला. बांधणीच्या नियमांत केंद्राची संमती लागेल तिथे ती मागावी. सुरुवात हिंगोलीपासून करावी, गुंजच्या त्या सात जणींचं तेवढं देणं आपण लागतो.

फेब्रुवारीत हळदीची काढणी सुरू होते आणि एप्रिलपर्यंत चालते. दर सकाळी फाट्यावर टोळ्या उभ्या राहतील. योजनेचा आदेश त्याआधी निघाला पाहिजे.