सध्या काय वाचताय?

सध्या तुमच्या हातात कोणतं पुस्तक आहे? मी लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ पुन्हा वाचतो आहे. मीठसुद्धा धुऊन घेणाऱ्या सोवळ्या वडिलांची ही मुलगी राहुरीत, नगरात संसार करते, 1900 साली ख्रिस्ती होते आणि कडू आठवणही कुरकुर न करता सांगते. इतकं मोकळं मराठी गद्य फार थोड्यांना साधलं.

त्यानंतर दया पवारांचं ‘बलुतं’ (1978) घ्या. अकोले तालुक्यातल्या धामणगावचा दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवारलाच सांगतो. एकाच माणसाची दोन रूपं अशी समोरासमोर बसलेली पाहून आतडं पिळवटतं. रंगनाथ पठारे यांची ‘ताम्रपट’ जाडजूड आहे, पण नेटानं वाचाच.

वाचलेल्यावर बोलायला माणसं लागतात. नगरच्या किल्ल्यात कैदेत असताना नेहरूंनी 1944 मध्ये ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिलं आणि सहकैद्यांनाच अर्पण केलं. मौलाना आझाद, आचार्य नरेंद्र देव यांच्याशी झालेल्या चर्चांचं ऋणही त्यांनी प्रस्तावनेत मानलं आहे.

तुमचं आवडतं एक पुस्तक आम्हाला कळवा, ते कुणी वाचावंसं वाटतं तेही लिहा. शेवगाव, पाथर्डी, जामखेडकडची पत्रं आधी छापू.