बंगला इंग्रजांचा नव्हे!

१/ बुलढाणा-खामगावकडील एखाद्या जुन्या सरकारी बंगल्याचे छायाचित्र समाजमाध्यमांवर आले की त्याखाली एक ठरलेले वाक्य हमखास उमटते : ‘इंग्रजांचे बांधकाम बघा! घर कसे असावे हे त्यांनीच आपल्याला शिकवले.’ इतिहासाच्या कसोटीवर हे वाक्य टिकत नाही. ते का, हे सांगणारा हा धागा. #थ्रेड #इतिहास

२/ आरंभ शब्दापासून. ‘बंगला’ म्हणजे बंगालचा. उतरत्या छपराचे, एकमजली, साधे घर हे त्याचे मूळ रूप. कंपनीच्या नोकरांनी सतराव्या शतकातच हा शब्द उचलला आणि घराचा घाटही. ‘व्हरांडा’ हा शब्द इंग्लिशमध्ये भारतातूनच गेला. ‘कंपाउंड’चे मूळ मलय भाषेतील ‘कम्पोंग’मध्ये आहे, असे मानले जाते. घराचे नाव, त्याची ओसरी, त्याचे आवार. यांपैकी विलायतेहून आलेले काय?

३/ खुद्द इंग्लंडमध्ये पहिले ‘बंगले’ उभे राहिले ते १८७० च्या सुमारास, केंट परगण्यातील वेस्टगेट येथे. समुद्रकिनारी सुट्टी घालवणाऱ्या श्रीमंतांसाठी ती नवलाईची घरे होती. त्याच १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते जलंब-खामगाव हा लोहमार्ग सुरू झाला. म्हणजे वऱ्हाडचा कापूस आगगाडीत चढत होता, तेव्हा इंग्लंड बंगला बांधायला नुकते शिकत होते.

४/ तो कापूस कशासाठी? अमेरिकेतील यादवी युद्धाने (१८६१-६५) लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तोडला आणि व्यापाऱ्यांची नजर वऱ्हाडकडे अधिकच वळली. त्या गिरण्यांमधील इंग्रज कामगार कोणत्या घरात राहत? पाठीला पाठ लावून बांधलेल्या घरांच्या रांगांत. तीन बाजूंना शेजाऱ्याची भिंत, खिडकी-दार एकाच बाजूला, नळ आणि शौचकूप साऱ्या गल्लीत मिळून. एंगल्सने १८४५ मध्ये मँचेस्टरच्या अशाच वस्त्यांचे वर्णन केले. अशी नवी घरे बांधण्यास कायद्याने बंदी झाली ती थेट १९०९ मध्ये.

५/ याच देशात १६९६ पासून १८५१ पर्यंत खिडक्यांवर कर होता. तो चुकवण्यासाठी लोकांनी खिडक्या विटांनी बुजवल्या. जुन्या इंग्लिश घरांवर त्या खुणा आजही दिसतात. हवा आणि उजेड यांवर कर बसवणाऱ्या राज्यव्यवस्थेने वऱ्हाडाला हवेशीर घराचा धडा दिला, असे म्हणणे हा इतिहासाचा विनोद होय.

६/ मग बुलढाण्याचा बंगला काय होता? निजामाशी झालेल्या १८५३ च्या तहाने वऱ्हाड कंपनीच्या ताब्यात आले. मेहकर, मलकापूर, खामगाव ही नांदती गावे असताना जिल्ह्याचे ठाणे झाले ते अजिंठ्याच्या डोंगररांगेवरील, सहाशे मीटरहून उंच, थंड हवेचे बुलढाणा. बाजारपेठ खाली आणि साहेब वर, अशी ही रचना. बंगला हा या अंतराचाच घरगुती अवतार होता.

७/ त्याचा आराखडा वाचावा. उंच जोते, भोवती व्हरांडा, चहूकडे मोकळे आवार, म्हणजे लोकांपासून अंतर. स्वयंपाकघर मुख्य घरापासून दूर. नोकरांच्या खोल्या आवाराच्या मागच्या टोकाला. न्हाणीघराला बाहेरून स्वतंत्र दार, कारण मेहतराने घरातून जायचे नाही. समतेच्या गप्पा मारणाऱ्या साहेबाने अस्पृश्यता मोडली नाही. तिला दार बसवून दिले.

८/ खानसामा, भिस्ती, माळी, साईस, आया, रात्रभर दोरी ओढणारा पंखेवाला. या माणसांविना बंगला एक दिवस चालला नसता. त्यांच्या जिवाची किंमत काय होती? आग्र्याच्या फुलर नावाच्या इंग्रज वकिलाने गाडी आणण्यास उशीर झाला म्हणून कतवारू या साईसाला मारले. साईस मरण पावला. न्यायालयाने दंड केला तीस रुपये. या शिक्षेबद्दल १८७६ मध्ये खुद्द व्हाइसरॉय लिटन यांना जाहीर नापसंती नोंदवावी लागली.

९/ ‘पण बांधकाम टिकले ना?’ टिकले. मात्र दगड इथल्या खाणीतला, चुना इथल्या घाणीत मळलेला, हात इथल्या वडार-गवंड्यांचे आणि पैसा इथल्या शेतसाऱ्याचा. शिवाय जे पडले त्याचे छायाचित्र कोणी काढत नाही. उभा राहिला तो बंगला, ज्याची डागडुजी सरकारी खर्चाने होत राहिली. शेतकऱ्याच्या धाब्याच्या घराला तो लाभ कधी मिळाला? आणि दगडी कामच पाहायचे तर सिंदखेडराजा येथील लखुजी जाधवांच्या वाड्याचे महाद्वार पाहावे. ते उभे राहिले तेव्हा इंग्रज या प्रदेशात पोचलेही नव्हते.

१०/ येथे एक आक्षेप रास्त आहे : वाड्यातही उतरंड होती, गावकुसाबाहेरची वस्ती इंग्रजांनी निर्माण केली नाही. खरेच आहे. म्हणूनच बंगल्याच्या जागी वाड्याची आरती ओवाळणे हे उत्तर नव्हे. इंग्लंडच्या हवेल्यांतही नोकरांचे जिने वेगळे होते. १८९१ च्या शिरगणतीत इंग्लंड-वेल्समध्ये दहा लाखांहून अधिक स्त्रिया घरनोकर होत्या. इंग्रजांची वर्गव्यवस्था आणि आपली जातिव्यवस्था यांची गाठ ज्या घरात पक्की बसली, त्याचे नाव बंगला.

११/ प्रश्न केवळ वास्तुशैलीचा नाही. ‘वारसा’ म्हणून आज जे जपले जाते ते दर्शनी व्हरांड्याचे खांब. मागच्या नोकरखोल्या ‘पडीक’ ठरवून पाडल्या जातात. त्या पडल्या की त्यांत राहिलेल्यांचा शेवटचा पुरावाही जातो, आणि मग ‘इंग्रजांनी शिकवले’ हे वाक्य खोडून काढायला काही उरत नाही.

१२/ इतिहासप्रेमी तरुणांच्या हाती आज मोबाइल आहे, मोजपट्टी मिळू शकते, आणि ज्यांच्या आजोबांनी या आवारांत पाणी भरले अशी माणसे अजून गावात भेटतात. पुढचे छायाचित्र मागच्या दाराचे काढावे. नोकरखोल्या मोजाव्यात, विहीर नोंदवावी, नावे विचारून लिहून ठेवावीत. बुलढाण्याच्या बंगल्याचा खरा इतिहास तिथे आहे.